तिसरी बॅटरी

"ज्याला एकाच गोष्टीतलं कळतं, त्याच्याशी त्या गोष्टीवर बोलू नये," असं काकू म्हणायच्या आणि म्हणताना नवऱ्याकडे बघायच्या. नवरा म्हणजे बॅटरीकाका. बस डेपोच्या बॅटरी खोलीत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मनगटावरचे ॲसिडचे डाग गेले नव्हते आणि तोरा तर मुळीच गेला नव्हता. गल्लीत कुणाची गाडी सकाळी कुरकुरली की काका चपला सरकवून बाहेर. बॉनेट उघडायचं, ओठ मुडपायचे, मालकाकडे वरपासून खालपर्यंत बघायचं आणि विचारायचं, "पाणी कधी घातलं होतं?" समोरचा चाचरला की काकांचा दिवस सार्थकी लागला.

या तोऱ्याचं मूळ घरातच होतं. काका शाळेत तीनदा गटांगळ्या खाऊन काठाला लागलेले, आणि थोरला भाऊ, म्हणजे दादा, पूल बांधणारा इंजिनिअर. घरात काहीही करायचं झालं तरी दादाला विचारायचं. धाकट्याला कुणी पाणी हवंय का एवढंच विचारायचं. फक्त गाडी अडली की दादा म्हणायचा, "बोलवा आमच्या बॅटरीवाल्याला, हे काम आपल्या बापाच्याने होणार नाही." या एका वाक्यावर काका जगले, असं म्हटलं तरी चालेल.

दादा गेला त्याला अडीच वर्षं झाली. मागे राहिल्या वहिनी, दोन खोल्यांचं घर आणि दारातली निळी गाडी. वहिनींना गाडी चालवायची हौस नव्हती, पण गरज होती. त्यांची मोठी बहीण, अक्का, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. तिकडे बस जात नाही. अक्का आता कुणालाच ओळखत नव्हती, स्वतःच्या मुलांनाही नाही, पण वहिनींना ओळखायची. दर दुसऱ्या शनिवारी वहिनी धुतलेले कपडे, केसांचं तेल, मऊ बिस्किटं असलं काहीबाही एका पिशवीत भरून डिकीत ठेवायच्या आणि सकाळी नऊला निघायच्या. गाडी तेवढीच चालायची. बाकीचे तेरा दिवस ती दारात उभी.

अशा उभ्या गाडीची बॅटरी उतरते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण इतकी उतरते? पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा दादाला जाऊन चार महिने झाले होते. काका जंपर केबल घेऊन आले, मीटर लावला आणि मान हलवली.

"पार उतरलीय. हेडलाइट चालू राहिले होते का?"

"नाही हो, भावजी."

"मग आतला दिवा?"

"नाही. मला वाटत नाही."

"वाटत नाही म्हणजे? बॅटरी काय भुताने खाल्ली?"

वहिनी ओशाळं हसल्या. त्या हसल्या म्हणून काकांना चेव आला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा असंच झालं तेव्हा गल्लीतले चारसहा लोकही उभे होते. समोरचा न्हावी कात्री हातात घेऊनच बाहेर आला होता. काकांनी त्या सगळ्यांच्या देखत बॅटरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो वहिनी, बॅटरी म्हणजे काय पातेलं आहे का, की झाकण घातलं आणि झालं? लक्ष लागतं. लक्ष!" लोक हसले. न्हावी सगळ्यांत मोठ्याने हसला. वहिनींच्या हातात डिकीत ठेवायची ती पिशवी होती. ती त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

सहा महिन्यांत पहिली बॅटरी कामातून गेली. बॅटरी अशी पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी झाली की मरतेच. काकांनी नवी बसवली आणि सोबत एक पाना दिला. गाडी लावली की या पान्याने बॅटरीची एक बाजू सोडून ठेवायची, मग काही चालू राहिलं तरी बिघडत नाही, असं समजावलं. वहिनींचं मनगट दुखरं. पाना फिरेना. एकदा त्यांनी जोर लावला आणि दोन दिवस हाताला पट्टी बांधून बसल्या. काकांनी तेही त्यांच्या हलगर्जीपणाच्या खात्यात जमा केलं.

मग त्यांनी यादी करायला लावली. वहिनींनी खरोखरच एक छोटी वही केली. हेडलाइट. आतला दिवा. रेडिओ. पंखा. चावी. चारही दारं. शनिवारी परत आल्यावर त्या गाडीपाशी उभ्या राहायच्या, वही उघडायच्या आणि एकेक शब्द मोठ्याने वाचून त्या त्या बटणाला हात लावायच्या. मग पेन्सिलने बरोबरची खूण, खाली तारीख, खाली सही. सही कशाला, ते त्यांनाच ठाऊक. कुणापुढे तरी पुरावा ठेवावा असं वाटत असेल.

एवढं करून बॅटरी पुन्हा उतरली. पुन्हा. दुसरीही मेली.

माणसाच्या मनाचं असं असतं की एका बाजूने भिंतीला ओल लागली की ती पसरत जाते. वहिनींनी डोळ्यांनी बघितलं होतं, हाताने चाचपलं होतं, सही केली होती, आणि तरी काहीतरी चालू राहिलं होतं. याचा अर्थ एकच. आपले डोळे आणि आपला हात आता भरवशाचे राहिले नाहीत. मग त्या गॅसची कळ बघायला उठू लागल्या. एकदा बघायच्या, दोनदा बघायच्या. कुलूप लावून जिना उतरायच्या आणि परत वर यायच्या. शेजारीण काही विचारायला आली की आधी म्हणायच्या, "थांबा हं, मी सांगते, पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका."

आणि 'वहिनी विसरायला लागल्यात' हे वाक्य घरात सगळ्यांत आधी कुणी उच्चारलं? काकांनी. पुतण्याला फोनवर. "तुझ्या आईचं लक्ष राहत नाही रे हल्ली. मी आपला सांगून ठेवतोय." पुतण्या आठ तासांवरच्या शहरात नोकरीला. वाईट मुलगा नव्हता तो. आईला एकटी ठेवायची नाही, गाडी तर चालवू द्यायचीच नाही, असं त्याने ठरवलं, आणि वहिनीही फारशा न बोलता हो म्हणाल्या. "उद्या गॅस उघडा राहिला तर तुलाच धावावं लागेल," एवढंच म्हणाल्या. रविवारी तो आला. पुढच्या रविवारी आईला घेऊन जायचं ठरलं. मधल्या गुरुवारी स्मृतीच्या आजाराच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलेली होती. गाडीही तो चालवतच नेणार होता. ती अर्थातच बंद पडलेली होती.

म्हणून सोमवारी सकाळी काका तिसरी बॅटरी आणायला गेले.

दुकानातल्या बाई वर्षानुवर्षं तोच गल्ला सांभाळणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, "याच गाडीला तिसरी? काका, गाडीत कुठे करंट गळत नाही ना, ते बघितलंत?"

"बघितलंय," काका म्हणाले. बघितलं नव्हतं. "बाई माणसाच्या हातात गाडी आहे, दुसरं काय."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "माझ्याही हातात दुकान आहे," म्हणाल्या आणि पावती फाडून दिली.

ते बोलणं काकांना झोंबलं. मला शिकवते! आता मुद्दाम मोजतो आणि शून्य आकडा दाखवतो हिला, असं मनात म्हणत ते वहिनींच्या दारात आले. नवी बॅटरी बसवली. चावी काढली, दारं लावली. मग बॅटरीच्या एका टोकाची वायर सोडवून मध्ये आपला डेपोतला जुना काट्याचा मीटर जोडला. बंद गाडीत काटा जागचा हलता कामा नये. काटा हलला. अर्ध्या अँपिअरपाशी जाऊन निवांत थांबला.

काकांनी मीटरला टिचकी मारली. काटा तिथेच.

अर्धा अँपिअर म्हणजे चार दिवसांत बॅटरीचा निकाल. हे गणित ते झोपेतही करू शकत होते. त्यांनी एकेक फ्यूज उपटायला सुरुवात केली. ज्या फ्यूजने काटा पडेल, त्या बाजूला गळती. हेडलाइटचा काढला, काटा तिथेच. रेडिओचा, पंख्याचा, सगळे काढून बॉनेटच्या कडेला ओळीने मांडले. काटा ढिम्म. म्हणजे गळती अशा वायरीवर होती जिला फ्यूजच नव्हता. कुण्या अडाण्याने सरळ बॅटरीवरून वायर ओढली असणार. डेपोत असं काम करणाऱ्याला काका खोलीबाहेर काढायचे.

बॅटरीच्या टोकाला जाड केबलींच्या खाली एक बारीक वायर होती. काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपवर मेण लावलेला दोरा, तीन गाठींनी आवळलेला. उन्हाने टेप सुटते म्हणून वरून दोरा बांधायचा, ही युक्ती त्या अख्ख्या डेपोत एकाच माणसाची. बत्तीस वर्षं त्याने ती इतरांना शिकवली होती आणि कुणीही शिकलं नव्हतं.

ती वायर दोनदा काकांच्या हातातून गेली होती. दर नव्या बॅटरीच्या वेळी त्यांनीच ती सोडवली होती आणि पुन्हा लावली होती. पण आपल्या हातच्या कामाकडे कोण संशयाने बघतो?

आणि मग सगळं आठवलं. दादा कामावरून उशिरा यायचा आणि डिकीत नकाशांच्या गुंडाळ्या चाचपडत बसायचा. त्याला चकित करावं म्हणून काकांनी डिकीत एक दिवा बसवून दिला होता. झाकण उघडलं की लागेल, बंद केलं की विझेल. स्विच मात्र नवा आणला नव्हता. डेपोच्या भंगारातला होता, त्याची स्प्रिंग थकलेली होती. "डिकी जरा जोरात आपटत जा दादा, स्विच म्हातारा आहे," असं काका म्हणाले होते आणि दोघे भाऊ हसले होते. दादा आपटायचा. दादा सगळंच आपटायचा.

वहिनी आपटत नसत. वहिनी डिकी दोन्ही हातांनी हळू लावत. स्विच कधी दाबला जाई, कधी नाही. आणि त्यांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं एकाच माणसाने, आणि तो साफ विसरला होता.

काकांनी डिकी उघडली. दिवा लागलेला होता, आणि उघड्या डिकीत तो लागलेला असायलाच हवा, त्यात कुणाला काय वावगं दिसणार? त्यांनी झाकण वहिनींसारखं हळू लावलं. मग मागच्या दारातून आत शिरून सीटची पाठ पुढे पाडली. बंद डिकीच्या काळोखात दिवा मजेत जळत होता.

ते तिथेच सीटवर गुडघे टेकून राहिले. कान तापले. पाठीमागे न्हाव्याच्या दुकानातून रेडिओ वाजत होता आणि आता तो बाहेर येऊन विचारेल, काय निघालं काका, असं त्यांना वाटत होतं. आठ वेळा. आठ वेळा त्यांनी त्या बाईला भर रस्त्यात, लोकांच्या देखत, तोंडघशी पाडलं होतं. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, पण धरणी अशी मागितल्यावर कधी घेत नाही. गाडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने जे करावं तेच काकांनी केलं. वायर कापली, दिवा उपटला, खिशात घातला, फ्यूज जागच्या जागी लावले. मीटरचा काटा शून्यावर आला.

हात धुऊन वर गेले तेव्हा जेवणाची ताटं मांडलेली होती.

"काय निघालं, काका?" पुतण्याने विचारलं.

जिना चढताना काकांनी वाक्य तयार केलं होतं. पण पुतण्या अगदी दादासारखा बसला होता, एक हात खुर्चीच्या पाठीवर टाकून, आणि त्याच्या डोळ्यांत तोच विश्वास होता: बॅटरीचं काकांना विचारा.

"काही नाही. मेली होती बॅटरी," काका म्हणाले.

"माझंच काहीतरी राहिलं असणार," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना आधी वाढलं. "जाऊ दे, आता एक गोष्ट कमी झाली विसरायला."

काकांनी भात कालवला. पुतण्या म्हणाला, "काका, गुरुवारी डॉक्टरांकडे तुम्हीही चला. हे सगळं पहिल्यांदा तुमच्या लक्षात आलं. तुम्ही नीट सांगाल." काकांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी ते सांगायलाच गेले होते. खरंच. पण दारात खोकी भरून ठेवलेली, पुतण्या खाली गेलेला, वहिनी एकट्या. काकांनी तोंड उघडलं आणि वहिनी म्हणाल्या, "बरं झालं आलात. जरा गॅस बघता? मी तीनदा बघितलाय, पण माझ्या बघण्याला काय अर्थ आहे?"

काका स्वयंपाकघरात गेले. कळ बंद होती. इतकी घट्ट बंद केलेली होती की उघडायला दोन बोटं पुरली नसती.

"बंद आहे," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणता म्हणजे आहे." वहिनींच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बघून काकांना स्वतःची किळस आली. ते पाणी पिऊन परत आले.

बुधवारी काकूंनी पँट धुवायला घेतली आणि खिशातून दिवा काढला. "हे काय?"

काकांनी सांगितलं. आधी दुकानातल्या बाईचं, मग मीटरचं, मग गाठींचं. काकू ऐकत राहिल्या. त्यांच्या हातावरून साबणाचं पाणी ओघळत होतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच," त्या म्हणाल्या. "आणि इथे तर चोरच न्यायाधीश होऊन बसलाय."

"सांगणार आहे मी."

"कधी? त्या गाडीत बसून गेल्यावर टाटा करताना? उठा. आत्ताच्या आत्ता जा."

काका उठले. वहिनींच्या दाराला कुलूप होतं. गाडीही दारात नव्हती. न्हाव्याने सांगितलं, मायलेक मघाशीच कुठेतरी गेले. काका तिथे उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटतंय. कुलूप बघून हायसं! त्यांनी मान खाली घातली आणि घरी येऊन काकूंना सांगितलं, "नव्हते घरात." काकूंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

गुरुवारी डॉक्टरबाईंच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. डॉक्टरबाई तिशी-पस्तिशीच्या, हातात साधी पेन्सिल. त्यांनी पुतण्याला गप्प केलं आणि वहिनींना म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?"

वहिनींनी पर्समधून ती छोटी वही काढली. "गाडीवरून कळलं. बघा, इथे सगळं लिहिलंय. मी दिवे बंद करते, हात लावून बघते, सही करते. तरी काहीतरी चालू राहतं. आठ वेळा झालं. दोन बॅटऱ्या गेल्या, आता ही तिसरी." वही त्यांनी टेबलावर फिरवून डॉक्टरबाईंकडे सरकवली. "माझ्या भावजींनी लक्षात आणून दिलं म्हणून, नाहीतर मला कळलंही नसतं. त्यांचे उपकारच आहेत."

"गाडीतच काही बिघाड असेल, असं नाही वाटलं?"

"काकांनी बघितलीय," पुतण्या म्हणाला. "बत्तीस वर्षं तेच काम केलंय त्यांनी."

तिघांनीही काकांकडे बघितलं.

"अर्धा अँपिअर," काका म्हणाले. "चार दिवसांत. म्हणजे डिकीत दिवा आहे. होता. त्याचा स्विच, म्हणजे झाकण हळू लावलं तर तो दाबला जात नाही, आणि मग आत..."

"मला कळलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकांनी गुडघ्यांवर हात घट्ट धरले. "वहिनी काही विसरल्या नव्हत्या. तो दिवा मी बसवला होता. डिकी आपटायला लागते, हे मी दादाला सांगितलं आणि वहिनींना सांगायचं विसरलो. त्यांचं एकदाही काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं, आणि बोल मी त्यांना लावले."

वहिनींनी वही परत ओढून घेतली, उघडली, एका पानावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या पानावर.

"एकदाही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"ते हेडलाइट..."

"बंदच होते."

पुतण्याचा चेहरा उतरला होता. "आई," तो हळूच म्हणाला, "गॅस. तो खरंच कधी उघडा राहिला होता का गं?"

वहिनींनी जरा विचार केला. "नाही," म्हणाल्या. "पण मला वाटायचं, राहिला असेल. गाडीचं बघता बघता माझा माझ्यावरच भरवसा उरला नव्हता."

काकांना वाटलं होतं की एकदा सांगून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. वहिनी रडल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर त्यांनी ते आनंदाने ऐकून घेतले असते. त्यांनी चोरून वर बघितलं. वहिनींची मान ताठ होती. गेल्या दोन वर्षांत त्यांना वहिनी अशा बसलेल्या दिसल्या नव्हत्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आलाच आहात तर चाचणी करून टाकू. मनात किंतू नको. सोपे प्रश्न आहेत. आज वार कोणता?"

"गुरुवार."

आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर वहिनी थांबल्या. त्या सावकाश काकांकडे वळल्या.

"भावजी, नवी बॅटरी तुम्ही सोमवारी बसवलीत."

"हो."

"तेव्हाच कळलं तुम्हाला?"

"हो."

"मंगळवारी तुम्ही घरी आलात. माझा गॅस बघून गेलात."

काका मनगटावरचे डाग चोळू लागले.

"काल आम्ही अक्काकडे गेलो होतो," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट जरा खाली गेला होता. "मी तिला सांगितलं, की आता मी येणार नाही. तिला बाकी काही कळत नाही, पण एवढं कळलं. माझी बाही धरून बसली. सोडेना. शेवटी तिथल्या दोन बायकांनी तिची बोटं एकेक करून सोडवली." त्यांनी पर्सची चेन लावली. "दिव्याचं मी समजू शकते. विसरायचं काय, माणूस विसरतो. पण हे तर तुम्हाला आठवत होतं."

"मी घेऊन जातो तुम्हाला वहिनी. आत्ता, इथून थेट. अक्कांना मी स्वतः सांगतो."

"नको. मी माझी जाईन."

पुतण्या खिडकीबाहेर बघत होता. काकांकडे बघायचं नाही म्हणून बघत होता, हे कुणालाही कळलं असतं. आता त्याच्यासाठी ते बॅटरीकाका उरले नव्हते. काय उरले होते, ते काकांना विचारवेना.

डॉक्टरबाईंनी पेन्सिल उचलली. "पुढचं. शंभरातून सात वजा करा. मग त्यातून परत सात. असं करत जा. घाई नाही."

"त्र्याण्णव," वहिनी म्हणाल्या. "शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर."

त्या समोरच्या भिंतीकडे बघून म्हणत होत्या. काका आपल्या मनगटावरचे डाग बघत ऐकत होते. पासष्ट. अठ्ठावन्न. एक्कावन्न. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुरे, छान," पण वहिनी थांबल्या नाहीत. एकेक आकडा स्वच्छ, ठाम. चव्वेचाळीस. सदतीस. तीस.

एकदा तरी चुकाव्यात, असं काकांच्या मनात येऊन गेलं. अगदी क्षणभर, आणि अगदी मनापासून. एखादा आकडा तरी. आपण काय इच्छिलं ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि सोमवारपासून आतापर्यंत वाटली नव्हती एवढी लाज त्यांना तेव्हा वाटली.

"तेवीस," वहिनी म्हणाल्या. "सोळा. नऊ. दोन."